थुंकायची वाटी

पाळणाघरात जेवणाच्या वेळी कुणी पाहुणा आला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. मुलांच्या बुटक्या टेबलावर, ताटल्यांच्या मधोमध ठेवलेल्या निळ्या काठाच्या वाटीकडे बोट दाखवून तो विचारायचा, "यात काय वाढणार?"

"काही नाही," मावशी म्हणायची. "ती थुंकायची वाटी आहे."

मग पाहुण्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. साहेब असला तर त्याचा हात रुमालाकडे जायचा, बाईसाहेब असल्या तर त्या भिंतीवरच्या चित्रांचं कौतुक सुरू करायच्या. मावशीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तिचं लक्ष मुलांच्या तोंडाकडे असायचं.

मावशी म्हणजे तिथली स्वयंपाकीण. एका मोठ्या कारखान्याच्या मागच्या फाटकाला लागून ती बैठी इमारत होती. आईबाप पाळीवर गेले की त्यांची पोरं दिवसभर तिथे. मावशीने त्या स्वयंपाकघरात उभी हयात काढली होती. तिच्या हातचं खाऊन वाढलेली पोरं आता स्वतःची पोरं सोडायला यायची आणि दारातूनच ओरडायची, "मावशी, वाटी आहे ना अजून?"

"आहे की. तू थुंकलेली गवार अजून चिकटून बसलीय तिला," मावशी म्हणायची, आणि दाढीमिशा आलेला गडी पोरासमोर लाजायचा.

तिचा कायदा सोपा होता. ताटलीत जे असेल ते एकदा तोंडात घालून बघायचं. बरं वाटलं तर गिळायचं, नको वाटलं तर वाटीत थुंकायचं. कुणी ओरडणार नाही, कुणी हसणार नाही, कुणी तोंड वाकडं करणार नाही. उद्या परत बघायचं. बस्स. एवढ्यावर पोरं काय काय खाऊ लागायची! घरी पालेभाजीचं नाव काढलं की हातपाय आपटणारी कार्टी इथे ती मागून घ्यायची. पहिले काही दिवस वाटी भरायची, मग अर्धी व्हायची, मग तिच्यात एखादाच चोथा दिसायचा. थुंकायला मिळतं म्हणून तोंडात घालायची आणि घातलं की थुंकायचं विसरून जायची.

शिवाय मावशी सगळ्या टेबलांवरच्या वाट्या वाचायची. त्याला दुसरा शब्द नाही. जेवणं झाली की मोरीपाशी उभी राहून, घासायच्या आधी एकेक वाटी उजेडात धरायची. घेवड्याच्या शिरा दिसल्या की दुसऱ्या दिवशी घेवडा बारीक चिरला जायचा. गाजराचे तुकडे अख्खे दिसले की ती मान हलवायची, "कच्चं राहिलं. पोरांची चूक नाही." हे किळसवाणं काम ती इतक्या मनापासून करायची की पाळणाघर चालवणाऱ्या मोठ्या बाईंनीही सुरुवातीला नाक मुरडलं आणि नंतर तो विषयच सोडून दिला.

हे खूळ तिच्या डोक्यात कुठून आलं, ते कुणाला फारसं ठाऊक नव्हतं. आईबाप लवकर गेल्यावर ती काकाकडे वाढली. काका दुष्ट नव्हता, हे आधी सांगायला हवं. दुष्ट माणसाचा राग राग करून मोकळं तरी होता येतं. काकाने तरुणपणी उपासमार बघितली होती, आणि ताटात टाकलेला घास बघितला की त्याचा जीव वरखाली व्हायचा. म्हणून तो एका हाताने पोरीचं नाक धरायचा आणि दुसऱ्या हाताने घास कोंबायचा. वर म्हणायचा, "तुझ्या भल्यासाठीच करतोय." उलटी झाली तर तेच ताट पुन्हा समोर. पोरगी शेवटी न चावता गिळायला शिकली. डोळ्यांतून पाणी यायचं, पण घास खाली जायचा. ताट चाटूनपुसून साफ व्हायचं आणि काका तिच्या पाठीवरून हात फिरवायचा. तो हातच तिला सगळ्यांत जास्त नकोसा वाटायचा. त्या घरात तिने एकदाही घास थुंकला नाही, आणि पुढे सवयच लागली म्हणून जन्मात कधी थुंकला नाही. लग्न झालं, नवरा कारखान्यात लेथ यंत्रावर काम करणारा, गरीब स्वभावाचा. त्याच्यासमोरही ती शिळं, करपलं, नावडतं सगळं निमूट गिळायची. तो चिडवायचा, "तुला काय वाढलंय ते कळतं तरी का गं?" आता नवराही नव्हता. मुलगा लांब नोकरीला होता, सुट्टीच्या दिवशी फोन करायचा. मावशीचं सगळं जगणं त्या स्वयंपाकघरात येऊन ठेपलं होतं.

मुंगी आली ती आपल्या बापाच्या खांद्यावरून. हे नाव बापानेच ठेवलेलं. पोर एकेक शीत उचलून खायची म्हणून मुंगी. पण ते आई होती तेव्हाचं. आई आजारपणात गेली आणि पोरीने ते एकेक शीतही सोडलं. चार वर्षांची मुलगी दोन वर्षांची वाटायची. मनगट असं, की धरायलाही भीती वाटावी.

बाप कारखान्यात वेल्डर होता. धिप्पाड माणूस, हातांवर ठिणग्यांचे डाग. मावशीसमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या आवाजात मात्र काही जोर नव्हता.

"मावशी, डॉक्टर म्हणतात वजन असंच राहिलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. नाकातून नळी घालून भरवतात म्हणे. मी धरून भरवून बघितलं. ओरडून बघितलं. एकदा हात पण उगारला." तो थांबला. "तुम्ही काही पण करा. मारलंत तरी मी काही म्हणणार नाही."

नाकातून नळी, हे ऐकताच मावशीने हातातलं काम खाली ठेवलं. नाकाचं नाव निघालं की तिला काकाची बोटं आठवायची.

"मारायचं बिरायचं नाही इथे," ती म्हणाली. "ठेवून जा तिला. आणि घरी आता धरायचं नाही. मला शब्द द्या."

त्याने शब्द दिला. दुसरं होतं काय त्याच्याजवळ!

मुंगीला मावशीने वाटीजवळची जागा दिली आणि तिच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं. मुंगी मात्र बघत होती. शेजारचा जाड्या मुलगा मटार तोंडात घालतो, विचार करतो, थू करून वाटीत टाकतो आणि मावशी म्हणते, "बरं." एवढंच, "बरं." मुंगीने हे बरेच दिवस पाहिलं. मग एकदा तिने भोपळ्याच्या सूपात बोट बुडवून नुसतंच हुंगलं. मग एकदा चाटलं आणि लगेच वाटीवर वाकून थुंकली, आणि मान तशीच खाली ठेवून डोळे वर केले. आता कोण ओरडतं ते बघायला.

"बरं," मावशी म्हणाली आणि पुढच्या पोराकडे वळली. वळली ती मुद्दाम. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पोरीला दिसायला नको होते.

त्यानंतर मुंगी थुंकायला म्हणूनच जेवायला बसू लागली. भात थुंकला, अंडं थुंकलं, गाजर थुंकलं. बाप रोज संध्याकाळी आशेने विचारायचा, "काय खाल्लं?" मावशी म्हणायची, "आज छान थुंकली." आणि मग एका दुपारी मुंगीने भोपळ्याचं सूप तोंडात घेतलं, वाटी जवळ ओढली, बराच वेळ गाल फुगवून बसली, आणि गिळलं. तिने वाटी परत जागेवर सरकवली, हलकेच, जणू आपण काही केलंच नाही. पुढच्या महिन्यात काट्यावर वजन चढलेलं दिसलं. डॉक्टरांनी नळीचा विषय पुढे ढकलला. वेल्डरच्या जिवात जीव आला. तो मावशीच्या स्वयंपाकघराची मोडकी जाळी न सांगता जोडून गेला.

त्याच सुमारास तापाची साथ आली. मावशीही अंथरुणाला खिळली आणि आठवड्याभराने उठून कामाला लागली. एका सकाळी ती पाठमोरी बसून पालेभाजी निवडत होती, आणि छोट्यांना सांभाळणारी ताई धावत आत आली.

"मावशी! दूध!"

चुलीवर दूध उतू जाऊन करपलं होतं. करपट वास सगळ्या इमारतीत भरला होता. मावशीला पत्ता नव्हता.

"डुलकी लागली गं," ती म्हणाली.

ताई गेल्यावर तिने कांदा फोडून नाकाशी धरला. डोळे झोंबले, पण वास नाही. व्हिनेगरची बाटली उघडली. काही नाही. मीठ जिभेवर ठेवलं, मग साखर ठेवली. दोन्ही वाळूसारखी. संध्याकाळी घरी जाऊन तिने पेटी उघडली आणि नवऱ्याचा लोकरी मफलर काढला. तो गेल्यापासून ती तो धूत नव्हती. लेथच्या तेलाचा आणि त्याचा असा एक वास त्यात अजून राहिला होता. तिने त्यात तोंड खुपसलं. नुसती लोकर टोचली. तेव्हा ती रडली. नवरा गेला त्या दिवशी रडली नव्हती तेवढी रडली.

खरं तर दुसऱ्याच दिवशी मोठ्या बाईंना सांगायला हवं होतं. पण चव न कळणाऱ्या स्वयंपाकिणीला कोण ठेवणार? आणि घरी बसून काय करायचं? त्या खोलीत दिवसभर भिंतीकडे बघायचं? येईल परत, ती स्वतःला समजावत राहिली, तापानंतर होतं असं. हाताला माप ठाऊक होतं. एवढ्या पातेल्याला एवढं मीठ, एवढी मिरी. हातावर भरवसा ठेवून तिने रेटायला सुरुवात केली आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

पण वाट्या गप्प बसेनात. त्या भरू लागल्या. कधी मीठ दोनदा पडलेलं असायचं, कधी मुळीच नसायचं. कधी डाळ तळाला लागायची आणि तो करपट वास सगळ्या पातेल्याला असायचा. मोरीपाशी उभी राहून मावशी वाट्या उजेडात धरायची, आणि पहिल्यांदाच तिला त्या वाचता येईनात. घास शिजलेला आहे, मऊ आहे, बारीक आहे, मग का थुंकला? ते फक्त जिभेला कळलं असतं. एकदा मोठ्या बाई सहज डोकावल्या आणि म्हणाल्या, "हल्ली वाट्या फारच भरतात, नाही?"

मावशीने हातातली वाटी चटकन पाण्यात बुडवली. आणि तिने ते केलं, जे तिच्यावाचून दुसऱ्या कुणाला सुचलंच नसतं. तिने वाट्या काढून टाकल्या.

"साथ आहे ना बाई," ती म्हणाली. "एकाची थुंकी दुसऱ्याला नको."

कारण इतकं शहाणपणाचं होतं की मोठ्या बाईंनी तिची पाठ थोपटली. ताई म्हणाली, "मी तर कधीपासून म्हणत होते." निळ्या काठाच्या वाट्या घासूनपुसून वरच्या फळीवर गेल्या. मुलांनी काही दिवस विचारलं, मग विचारणं सोडलं. आता ती नवं काही तोंडात घालेनात. ताटल्या आल्या तशा परत जायच्या. भरलेल्या ताटल्या मोठ्या बाईंच्या नजरेला पडू नयेत म्हणून मावशी टेबलांमधून फिरू लागली, आणि ज्या तोंडाने ती "बरं" म्हणायची त्याच तोंडाने म्हणू लागली, "खा रे राजा. एवढा एक. माझ्यासाठी." काकाची बोटं नव्हती, एवढाच काय तो फरक. तिला हे कळत नव्हतं असं नाही. घाबरलेल्या माणसाला कळूनही दिसत नाही, मी तर म्हणेन तो बघतच नाही.

त्या दिवशी दुधीचं सूप होतं. दुधी चिरायच्या आधी देठाकडची एक चकती जिभेवर ठेवून बघायची, हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. एखादा कडू निघतो, आणि कडू दुधी म्हणजे पोटाला विषच. मावशीने सवयीने चकती कापली, सवयीने जिभेवर ठेवली, चघळली. जीभ काही बोलली नाही. तिने दुधी चिरला.

सूप वाढलं. पहिल्या चमच्याला जाड्या मुलाने तोंड उघडून सगळं ताटलीत सांडलं. दुसऱ्याने बाहीला पुसलं. कुणी रडायला लागलं. ताई त्यांना ओरडायला लागली, "काय हा घाणेरडेपणा!" त्या गोंधळात मुंगी आपल्या जागी बसली होती. चमचाभर सूप तिच्या तोंडात होतं आणि गाल फुगलेले होते. तिने टेबलाच्या मधोमध पाहिलं, जिथे वाटी असायची तिथे. मग मावशीकडे पाहिलं.

मावशीला ते डोळे दिसले. त्यांत पाणी होतं, हेही दिसलं. पण दारात मोठ्या बाई उभ्या होत्या.

"गीळ गं, मुंगे," ती म्हणाली. "माझ्यासाठी."

मुंगीने गिळलं. मग न सांगता दुसरा चमचा घेतला, मग तिसरा. वाडगा रिकामा केला. न चावता, डोळ्यांतून पाणी काढत, मावशीकडे बघत. मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

तासाभरात मुंगी उलट्या करू लागली. दुसऱ्या कुणाच्या पोटात चमचाभरापेक्षा जास्त गेलं नव्हतं. त्यांची पोटं दुखून थांबली. मुंगीचं थांबेना. उलटीत रक्त दिसलं तेव्हा मोठ्या बाईंनी गाडी बोलावली. वेल्डर काम टाकून तसाच धावला, डोक्यावरची वेल्डिंगची काच काढायचंही त्याला सुचलं नाही.

गाडी गेल्यावर मोठ्या बाईंनी पातेल्यातलं सूप बोटाने चाखलं आणि मोरीत थुंकलं.

"हे कसं वाढलंत तुम्ही? मावशी, हे चाखलं नव्हतंत?"

"चाखलं होतं," मावशी म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. करपलेलं दूध, वाळूसारखी साखर, साथीचं निमित्त. काही राखून ठेवलं नाही. मोठ्या बाई ऐकत राहिल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "मला सांगितलं असतंत तर मी चाखून दिलं असतं की हो रोज." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं मावशीला वाटलं. तिने एप्रन काढला, घडी घालून ओट्यावर ठेवला. तो परत बांधायला कुणी सांगितलं नाही आणि तिनेही तशी आशा धरली नाही. जाण्यापूर्वी तिने एकच गोष्ट मागितली. वाट्या पुन्हा टेबलांवर ठेवा. त्यांतली एक ती पिशवीत घालून घरी घेऊन गेली.

मुंगी वाचली. डॉक्टरांनी शर्थ केली, रक्त थांबलं, सलाइनवर पोरीने डोळे उघडले. पण तिचं तोंड मिटलं ते मिटलंच. पाण्याचा घोट कसाबसा जायचा. चमचा दिसला की ती ओठ आत ओढून घ्यायची. दवाखान्यातल्या नर्सने गोंजारलं, बापाने पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आज जेवली नाही, तर उद्या सकाळी नळी घालू. आता आणखी थांबण्यात धोका आहे." त्यांचं काही चुकत नव्हतं. पोरीच्या अंगात काही उरलं नव्हतं.

दुपार कलताना मावशी तिथे पोचली. वॉर्डच्या दारातच वेल्डरने तिला अडवलं.

"तुम्ही कशाला आलात?"

"भेटायला."

"माझ्याकडून शब्द घेतलात तुम्ही, धरायचं नाही म्हणून," त्याचा आवाज चिरकला. "मी नाही धरलं. एकदाही नाही. आणि तुम्ही तिला विष गिळायला लावलंत. कुणासाठी? तर म्हणे 'माझ्यासाठी'! ताईने सांगितलं मला सगळं."

"खरं आहे," मावशी म्हणाली.

तो आणखी बोलणार होता. पण समोरचं माणूस काहीच नाकारत नाही म्हटल्यावर राग तरी किती वेळ उभा राहणार! तो भिंतीला टेकला आणि त्याने तोंडावरून दोन्ही हात फिरवले.

"उद्या नळी घालणार आहेत," तो म्हणाला.

"मी तिला काही भरवायला आले नाही," मावशी म्हणाली. "तिला खरं सांगायला आलेय. ती नको म्हणाली तर लगेच जाईन."

वेल्डर बाजूला झाला.

मुंगी उशीला टेकून बसली होती. मांडीवरच्या फळीवर दवाखान्याचं जेवण तसंच होतं, कुस्करलेला बटाटा आणि गाजर, वरून सुकलेलं. मावशी दिसताच तिने ओठ आत ओढले. मावशी खुर्चीवर बसली. तिने पिशवीतून निळ्या काठाची वाटी काढली, ताटलीशेजारी ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

मुंगी वाटीकडे बघत राहिली.

"ही मी लपवली होती," मावशी म्हणाली. "साथीमुळे नाही. ते खोटं होतं. माझी जीभ बिघडलीय, मुंगे. मला चव कळत नाही आणि वासही येत नाही. ते कुणाला कळू नये म्हणून लपवली."

मग ओठ थोडे सुटले.

"गोड पण नाही कळत?"

"नाही."

"कडू पण?"

"कडूसुद्धा नाही."

"त्या दिवशी पण नव्हतं कळलं?"

दारात वेल्डर उभा होता. मावशीला तो दिसत होता.

"जिभेला नव्हतं कळलं," ती म्हणाली. "पण तुझे डोळे दिसले होते मला. तुला थुंकायचंय हे कळलं होतं. तरी मी गीळ म्हणाले. मला भीती वाटत होती. तू काही चुकली नव्हतीस. मी चुकले."

मुंगीने यावर विचार केला. पोरं विचार करताना किती गंभीर दिसतात! मग तिने चमचा उचलला, बटाट्याचा एक गोळा घेतला आणि हात लांब करून तो मावशीच्या तोंडासमोर धरला. मावशीने तोंड उघडलं.

"कसं आहे?" मुंगीने विचारलं.

"काही कळत नाही गं."

"मग थुंक," मुंगी म्हणाली, आणि दोन्ही हातांनी वाटी उचलून तिच्या हनुवटीखाली धरली.

मावशी थांबली. घास तोंडात होता. घसा आपोआप गिळायला निघाला होता, इतकी वर्षं तो हेच करत आला होता. समोर पोरीचे डोळे होते, मागे तिचा बाप, शेजारच्या खाटेवरची बाई कुतूहलाने बघत होती. मावशी वाटीवर वाकली आणि थुंकली. जन्मात पहिल्यांदा. तोंड पुसायचंही तिला सुचलं नाही.

"बरं," मुंगी म्हणाली.

मग तिने वाटी स्वतःजवळ ठेवली, तोच चमचा बटाट्यात घातला, टोकावर जेमतेम येईल एवढं घेतलं आणि तोंडात घातलं. गाल फुगले. वेल्डर एक पाऊल पुढे आला. मावशीने त्याच्याकडे न बघता हात वर केला, आणि तो जागच्या जागी थांबला. मुंगीची एक मूठ वाटीच्या काठावर होती. कोण जाणे किती वेळ गेला. मग तिच्या बारक्या गळ्यात काहीतरी हललं, वरून खाली गेलं.

तिने पुन्हा चमचा भरला आणि मावशीपुढे धरला.

"खा," ती म्हणाली. "कडू नाहीये. मी बघितलंय."

मावशीने तोंड उघडलं.